लाइट गेली की गॅसचं काय होतं?

प्रश्न : माझी मासे आणि पाण्यातली झाडं असलेली तीन फुटी टाकी आई झोपते त्याच खोलीत आहे. शेजारी त्या झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा २ किलोचा सिलिंडर. त्याचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी गॅसची झडप) हाताला बराच गरम लागतो. पावसात लाइट सारखी जाते, तेव्हा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर माशांना आणि आईला धोका आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : लाइट जाण्याला घाबरू नका. टाकीसाठी मिळणारे बहुतेक सोलेनॉइड वीज असेपर्यंतच उघडे राहतात. वीज गेली की आतली स्प्रिंग दट्ट्या खाली दाबते, गॅस थांबतो. व्हॉल्व्हमधली तारेची कॉइल गरम होणारच. हात टेकवता येईना किंवा जळका वास आला तर मात्र बदला.

मला धास्ती आहे ती गॅस ठरल्या वेळी चालू-बंद करणाऱ्या, फिरत्या चकतीच्या टायमरची. तीन तास लाइट गेली की तो तीन तास मागे पडतो. म्हापशाला आमच्याकडे एका जुलैत हेच झालं. दिवे मी हाताने वेळेवर बंद केले, गॅस मात्र रात्री उशिरापर्यंत चालू. अंधारात झाडं हा गॅस वापरत नाहीत, उलट सोडतात. पहाटे पाहिलं तर निऑन टेट्रा मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. लगेच एअर पंप लावला, तिसरा हिस्सा पाणी बदललं. तरी दोन गेले. त्या दिवसापासून दिवे आणि गॅस एकाच टायमरवर आहेत.

व्हॉल्व्ह अडकतोही. आत कचरा जातो, किंवा नळीतून टाकीचं पाणी उलटं चढतं; म्हणून मध्ये चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच. दर रविवारी सोलेनॉइडचा प्लग काढून बबल काउंटरकडे (गॅसचे बुडबुडे दिसतात ती छोटी नळी) बघा. नळीतला दाब उतरला की काही मिनिटांत बुडबुडे थांबायला हवेत. एखादा जरी येत राहिला तर सिलिंडरचा मुख्य नॉब बंद करा. सिलिंडर संपत आला की काही साध्या रेग्युलेटरांचा बाहेरचा दाब अचानक वाढतो आणि उरलेला गॅस टाकीत घुसतो. सिलिंडरच्या दाबाचा काटा उतरू लागला की भरून आणा, शेवटच्या थेंबाची वाट बघू नका.

आता आई. सेकंदाला एक-दोन बुडबुड्यांनी माणसाला काही होत नाही. पण २ किलो म्हणजे साधारण १००० लिटर गॅस. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो एकदम सुटला तर हवेत ३ टक्क्यांच्या वर जातो. एवढ्यात डोकं दुखतं, धाप लागते. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. आई जमिनीवर अंथरूण घालत असेल तर तिला आधी लागेल. म्हणून सिलिंडर बाल्कनीत, सावलीत, उभा बांधून ठेवा आणि नळी खिडकीतून आत घ्या. सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून बघा. आणि नॉब कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, ते आईच्या हातून एकदा करून घ्या.