नळातून फेसच फेस

अमेरिकेत घरी केगरेटर (बिअरचा पिंप म्हणजे केग गार ठेवून नळातून बिअर देणारा फ्रिज) घेतलेल्या मराठी मंडळींची तक्रार बहुधा एकच असते, की ग्लासात फेसच फेस येतो, आणि मला विचारण्याआधीच रेग्युलेटरशी, म्हणजे गॅसचा दाब कमी-जास्त करणाऱ्या खटक्याशी, खेळून झालेलं असतं. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो.

पहिला ग्लास नुसता फेस, पुढचे व्यवस्थित. असं का? (एडिसन)
टॉवरमधल्या, म्हणजे फ्रिजवर नळ बसवलेल्या खांबातल्या, नळीत थांबलेली बिअर तापते. लहान पंखा लावून फ्रिजमधली गार हवा टॉवरमध्ये खेळवा.

नळ अर्धाच उघडला तर फेस कमी येईल का?
नाही, वाढेल. नळ पूर्ण उघडा आणि ग्लास तिरका धरा. फ्रीझरमधला ग्लास वापरू नका.

मित्राच्या सांगण्यावरून प्रेशर 12 वरून 5 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) आणलं. दोन दिवस बरं गेलं, आता फेस आणखी वाढलाय. (डॅलस)
हा सल्ला कोण पसरवतं कोण जाणे, पण सगळ्यात जास्त केग यानंच वाया जातात. बिअरमधला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला राहतो तो थंडी आणि दाब यांच्या जोरावर. बिअर 38 अंश फॅरनहाइटला असेल, तर साध्या लागर बिअरला साधारण 11-12 पीएसआय लागतात. दाब उतरवलात की गॅस नळीतच सुटतो. पारदर्शक नळीत हवेसारखे पोकळ तुकडे दिसतात ना, ते हेच. आठवडाभर तसंच ठेवलंत तर बिअर सपक होईल.

आधी तापमान बघा, तेही फ्रिजच्या आकड्यावर विसंबून नव्हे, तर दुसऱ्या ग्लासातल्या बिअरमध्ये थर्मामीटर बुडवून. दुकानातून आणलेला केग निदान 24 तास गार होऊ द्या. पाहुणे दारात आले म्हणून घाई नको. मग नळी मोजा. आतून 3/16 इंचाची नळी 12 पीएसआयला साधारण 10 फूट लागते, कारण तिच्यातल्या घर्षणानंच दाब नळापर्यंत उतरतो. किटमध्ये मात्र 5 फूट देतात आणि वर ‘फेसमुक्त’ महागडा नळ विकतात! नळीला थोडेच डॉलर पडतात, ती आधी बदला. एवढं करूनही फेस राहिला तर केगमध्येच गॅस जास्त झाला असेल. बिअर घरची असो वा विकतची, होमब्रूच्या (घरी बिअर बनवण्याच्या सामानाच्या) दुकानातल्या जाणकाराला दाखवा.

डेन्व्हरला आल्यापासून तेच सेटिंग चालत नाही.
उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो आणि गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, त्याच्याच तुलनेत आकडा दाखवतो. दर 2,000 फुटांना साधारण 1 पीएसआय वाढवा, म्हणजे तुमच्याकडे अडीच.

नळी दिवाळीत धुतली होती. आता मार्च आहे. चालेल?
नाही. दर दोन आठवड्यांनी लाइन क्लीनरनं धुवायची, नळाचे भाग सुटे करून. आत साचलेल्या थरावरच बुडबुडे धरतात. इतके महिने झालेत, तर नळीच बदला. क्लीनर कॉस्टिक, म्हणजे कातडी जाळणारा, असतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घाला. प्रमाण बाटलीवर वाचा.

बेसमेंटमधल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरचा सूं सूं आवाज येतो. वीकेंडला बघू का?
आत्ता बाहेर पडा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. गळती शोधायला खाली उतरू नका, मुलांना जाऊ देऊ नका, 911 ला फोन करा. नंतर सिलेंडर गॅसवाल्याकडून तपासून घ्या. त्याच्यावर ठोकलेली चाचणीची तारीख 5 वर्षांपेक्षा जुनी असेल तर पुन्हा चाचणी झाल्याशिवाय भरून घेऊ नका.