पृथ्वी सूर्यापासून लांब का पळते?

प्रश्न : कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथनमध्ये सूर्य आणि पृथ्वीचं सिम्युलेशन लिहिलं, न्यूटनचाच नियम वापरलाय, आकडे परत परत तपासले, तरी पृथ्वी हळूहळू सूर्यापासून लांब जातच राहते. कुठे चुकतंय?

उत्तर : न्यूटन बरोबर आहे, गडबड पाऊल टाकण्याच्या पद्धतीत आहे. तुम्ही बहुतेक असं लिहिलं असणार की आत्ताच्या वेगाने पृथ्वी एक दिवस पुढे सरकवायची आणि मग जुन्याच जागेवरची ओढ धरून वेग बदलायचा, याला ऑयलर पद्धत म्हणतात आणि हिच्यात पृथ्वी दर पावलाला स्पर्शरेषेवरून जराशी कक्षेबाहेर पडते, म्हणजे थोडी ऊर्जा फुकट मिळते आणि ती साचत जाते. उपाय अगदी सोपा आहे. आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने जागा बदला. कोडमधल्या दोन ओळी वरखाली करायच्या, बस. ऊर्जा मग किंचित वरखाली होत राहील पण एकाच दिशेने वाहत जाणार नाही. याहून नेटकी पद्धत म्हणजे लीपफ्रॉग : वेग अर्धा बदलायचा, जागा पूर्ण, परत वेग अर्धा.

आणि किलोग्रॅम-मीटरमध्ये अडकू नका. अंतर खगोलीय एककात (म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतराच्या पटीत), वेळ वर्षांत, वस्तुमान सूर्याच्या पटीत घेतलं की जी ची, म्हणजे न्यूटनच्या सूत्रातल्या गुरुत्व स्थिरांकाची, किंमत ४ पाय वर्ग, म्हणजे साधारण ३९.४८ येते, आकडे हाताळायला सुटसुटीत. कक्षेच्या चित्राशेजारी एकूण ऊर्जेचा ग्राफ काढायची सवय मात्र आत्तापासूनच लावून घ्या, कारण चित्र छान दिसतं तेव्हाही ऊर्जा गळत असू शकते.

हे जमलं की ग्रहांच्या कक्षा चालवणारं रीबाउंड बघा. हॅनो राइन आणि सहकाऱ्याने २०१२ मध्ये मांडलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथनमधून चालतं आणि संशोधकही हेच वापरतात. त्यात एकक ठरवून दिलं नाही तर जी १ धरला जातो, त्यामुळे अंतर आणि वस्तुमान वरच्याच एककांत दिलं तर पृथ्वीचं एक वर्ष म्हणजे ६.२८, हे माहीत नसेल तर सगळा हिशोब चुकतो. ठरावीक पावलाची पद्धत वापरणार असाल तर पाऊल सगळ्यात वेगवान ग्रहाच्या फेरीच्या विसाव्या भागाएवढं तरी बारीक ठेवा. बुधाची फेरी ८८ दिवसांची, म्हणजे साधारण चार दिवस. अशीच सिम्युलेशनं वापरून लास्कर आणि गॅस्टिनो या संशोधकांनी २००९ मध्ये सूर्यमालेची २,५०१ भविष्यं चालवून पाहिली, सुरुवातीला बुधाच्या कक्षेत फरक होता तो मिलिमीटरहून कमी टप्प्यांचा, आणि पाच अब्ज वर्षांत जवळपास एक टक्का वेळा बुधाची कक्षा इतकी लांबट झाली की टक्कर शक्य व्हावी. मला तर हा निकाल आजही थक्क करतो.

प्रश्न : साध्या लॅपटॉपवर अख्ख्या ताऱ्याचं आयुष्य चालवता येतं म्हणतात, खरं आहे का?

उत्तर : हो, अगदी खरं! त्यासाठीच्या सॉफ्टवेअरचं नाव मेसा. अडोबीमध्ये काम केलेले संगणकतज्ज्ञ बिल पॅक्स्टन यांनी त्याचा पाया घातला, पहिला मोठा शोधनिबंध २०११ चा, आणि पूर्ण कोड सगळ्यांना खुला आहे. लॅपटॉपला हे झेपतं कारण मेसा तारा गोल धरतो आणि कांद्यासारखे पापुद्रे करून केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत एकाच दिशेने गणित सोडवतो, प्रत्येक पापुद्र्याचं तापमान, दाब, रासायनिक घटक वगैरे.

तुम्ही इनलिस्ट नावाची साधी टेक्स्ट फाइल लिहायची, सुरुवातीचं वस्तुमान १ टाकायचं, रन करायचं, आणि खिडकीत ताऱ्याचा ठिपका एचआर आकृतीवर (ताऱ्याचं तापमान आणि तेजस्विता दाखवणारा आलेख) सरकताना दिसतो. हायड्रोजन जळतोय तोवर एकेक पाऊल लाखो-कोटी वर्षांचं असतं, पण सूर्यासारख्या ताऱ्यात हेलियम अचानक पेटतो तेव्हा पावलं एकदम आखूड होतात. प्रोग्रॅम अडकलाय असं वाटून बंद करू नका, आत घडतंयच तेवढं भराभर.

एका दिशेच्या गणिताची किंमतही मोजावी लागते. उकळणारा वायू खरं तर तिन्ही दिशांना फिरतो, इथे ते सगळं मिश्रण-लांबी नावाच्या एका आकड्यात कोंबलेलं असतं आणि तो आकडा सूर्याशी जुळवून ठरवतात : ४.५७ अब्ज वर्षांनी तुमच्या ताऱ्याची तेजस्विता आणि त्रिज्या दोन्ही आजच्या सूर्याएवढ्या यायला हव्यात. माझ्या मते पहिला प्रोजेक्ट हाच करावा. लिनक्स किंवा मॅक असेल तर बरं, इन्स्टॉल करायची दगदग नको असेल तर मेसा-वेब ब्राउझरमधून चालतं.

प्रश्न : दोन दीर्घिकांची टक्कर घरी करता येईल का?

उत्तर : छोटी, हो. एरिक होल्मबर्ग या खगोलशास्त्रज्ञाने तर १९४१ मध्ये कॉम्प्युटरशिवायच केली होती, ७४ दिवे मांडून. अंतर वाढलं की प्रकाश गुरुत्वाकर्षणाच्याच प्रमाणात कमी होतो, मग प्रत्येक जागी प्रकाश मोजायचा आणि त्यावरून ओढ काढायची. काय डोकं आहे बघा!

अडचण जोड्यांची आहे. १,००० ताऱ्यांच्या ४,९९,५०० जोड्या होतात, दहा लाख तारे घेतले तर सुमारे ५०० अब्ज, आणि तेही दर पावलाला. बार्न्स आणि हट यांच्या १९८६ च्या पद्धतीत जागेचे झाडाच्या फांद्यांसारखे भाग पाडत जातात आणि लांबच्या ताऱ्यांचा गठ्ठा एकच वस्तू धरतात, त्यामुळे काम प्रचंड वाचतं. फोल्कर श्प्रिंगेलच्या गॅजेट नावाच्या सॉफ्टवेअरमध्येही अशीच झाडाची रचना आहे, विश्वाची घडण दाखवणाऱ्या २००५ च्या मिलेनियम सिम्युलेशनमध्ये त्याच्या खास आवृत्तीवर सुमारे एक हजार कोटी कण चालवले होते. तुम्ही काही हजारांपासून सुरू करा, आणि जवळ आलेले दोन कण एकमेकांना भलत्याच वेगाने भिरकावू नयेत म्हणून ओढीच्या सूत्रात सॉफ्टनिंग घाला, म्हणजे अगदी कमी अंतरावर ओढ बेसुमार वाढू देऊ नका. मग तीच टक्कर दुप्पट कण घेऊन चालवा. टकरीत बाहेर फेकल्या जाणाऱ्या ताऱ्यांच्या लांब शेपट्या दोन्ही वेळा जवळपास तशाच निघाल्या तरच त्यांच्यावर विश्वास ठेवा.