आखेनच्या लेखाबद्दल थोडं

चिरंजीवास आशीर्वाद.

जर्मनीतल्या आखेन शहराच्या लढाईवरचा तुझा लेख वाचला. मेहनत दिसते, पण निम्मी पानं शर्मन या अमेरिकन रणगाड्याच्या चिलखताची जाडी आणि तोफेचा व्यास यांतच खर्ची पडलीत. ऑक्टोबर १९४४ मध्ये आखेनच्या गल्लीत त्या शर्मनचा काळ कोण होता? तळघराच्या खिडकीशी पान्झरफाऊस्ट (एकट्याने डागायचं रणगाडाविरोधी अस्त्र) घेऊन दबा धरलेला एकटा जर्मन. झाकणं लावून आत बसलेल्या रणगाडेवाल्याला तो दिसणं कठीण. तो हेरायचा पायदळाने, आणि पायदळाला रोखून धरणारी मशीनगन उडवायची रणगाड्याने. लेख इथून सुरू कर.

अमेरिकन लेफ्टनंट कर्नल डेरिल डॅनियल यांची पायदळाची बटालियन नीट अभ्यास. त्यांनी प्रत्येक प्लाटूनला रणगाडा किंवा रणगाडाविरोधी गाडी जोडून दिली. गाडी समोरच्या घरावर मारा करायची, आतले जर्मन तळघरात पळायचे. मग मारा पुढच्या घरावर सरकला की शिपाई हातबॉम्ब घेऊन आत शिरायचे. खोली, माळा, तळघर, सगळं तपासायचं. गटारांची झाकणंसुद्धा, कारण जर्मन गटारांतून मागे येऊन उगवायचे. चौकाचौकांना क्रमांक दिलेले. शेजारच्या तुकडीशी गाठ पडल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. शहरात शिरल्यापासून शरणागतीपर्यंत, म्हणजे १३ ते २१ ऑक्टोबर, एवढे दिवस का लागले ते यातच आलं.

काही इमारतींच्या जाड भिंतींपुढे रणगाड्याची तोफ हात टेकायची. तेव्हा मैलोगणती लांब मारा करणारी १५५ मिमीची, गाडीवर बसवलेली तोफ थेट रस्त्यात आणून समोरून डागली. यावर एक परिच्छेद पुरे, वाहवत जाऊ नकोस.

त्यापेक्षा टेलिफोनवर लिही. त्याच उन्हाळ्यात नॉर्मंडीत अमेरिकनांनी शर्मनच्या पाठीमागे टेलिफोन बसवायला सुरुवात केली. त्याआधी आतल्याशी बोलायचं तर भर गोळीबारात रणगाड्यावर चढून ठोठवावं लागे. मला विचारशील तर चिलखताच्या चार इंचांपेक्षा ही एक तार मोलाची.

मराठा पलटणी तेव्हा इटलीत होत्या, पण त्यांची झुंज मुख्यतः डोंगर-नद्यांची. अभिमानापोटी त्यांना इथे घुसडू नकोस.

आणि शहरात अजून हजारो नागरिक होते, ते तुझ्या लेखात कुठेच नाहीत. घर तपासायला शिरलेल्या शिपायाला तळघरात बायका-मुलंही सापडत. हातबॉम्ब आधी टाकायचा की आवाज द्यायचा, हे त्याला जिन्यावर उभं राहून ठरवावं लागे.

नवा खर्डा नकाशासकट पाठव. चौक त्यात ठळक दाखव.

तुझा,
काका