पहिल्या दिवसाचं पान

प्रश्न : ताई, 47व्या वर्षी मी पोहायला शिकायला लागले. आठ महिने झाले. 25 मीटरच्या तलावात चार फेऱ्या मारल्या की दम लागतो. शेजारच्या लेनमधले लोक वीस-वीस फेऱ्या आरामात मारतात. घरचे कौतुक करतात, पण मला वाटतं, आपल्याला काहीच जमलेलं नाही. (पहिले तीन आठवडे तर तोंड पाण्यात घालायचीच भीती वाटायची.)

उत्तर : कंसातलं ते वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे आणि ती तुम्ही कंसात टाकलीत! जे जमलं त्याची मनाला पटकन सवय होते. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये हेच मांडलं होतं : मिळालेलं सुख थोड्याच दिवसांत नेहमीचं होतं आणि नजर पुढच्यावर जाते.

माझं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर ते जेमतेम 20 अंश वाकायचं. किल्ली फिरवायलाही डावा हात लागायचा. सहाव्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टसमोर मला रडूच आलं, "काही फरकच नाही हो." त्यांनी कोनमापक लावला, वहीत 55 लिहिलं आणि पानं मागे उलटून पहिल्या 20 वर बोट ठेवलं. मध्ये एकदा आकडा 42 वरून 38 वर घसरला होता. माझ्या लक्षात तेवढाच राहिला होता. "आणि किल्ली?" त्यांनी विचारलं. तेव्हा आठवलं, त्या सकाळी कुलूप मी उजव्या हातानंच लावून आले होते.

तुमच्याकडे अशी वही नाही, पण पहिला दिवस अजून आठवतोय तोवर लिहून काढा. कठडा किती घट्ट धरला होता, किती वेळात बाहेर आलात, सगळं. प्रशिक्षकांनाही विचारा, त्यांना कदाचित जास्त आठवत असेल. पुढे महिन्याला एक ओळ, तारखेसकट. रोज मोजू नका, नुसते चढउतार दिसतील. शेजारच्या लेनमधल्यांचा पहिला दिवस तुम्ही पाहिलेला नाही, तेव्हा त्यांच्या वीस फेऱ्या तुमच्या वहीत नकोतच.

दम लागतो म्हणालात, तर पाण्यात श्वास पूर्ण सोडता का, ते प्रशिक्षकांना बघायला सांगा. नवशिके तो बऱ्याचदा धरून ठेवतात.

पहिली ओळ काय लिहिलीत, ते मला जरूर कळवा.