कोकणात राज्यकर निरीक्षक म्हणून रुजू होताना: तपासाचं काम प्रत्यक्षात कसं चालतं

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. राज्यकर निरीक्षक म्हणून निवड झाली, नेमणूक सिंधुदुर्गात मिळेल असं दिसतंय, तर तपासात नेमकं करायचं काय? आणि भाऊ तहसील कचेरीत योजनांच्या पडताळणीवर आहे, त्याचं काम आणि तुमचं काम यात सारखं काय?

आपल्याकडे करचुकवेगिरी आणि योजनांमधली फसवणूक एकच खातं तपासत नाही. जीएसटी तुमच्याकडे, निराधार योजना तहसीलदारांकडे, डिझेलची प्रतिपूर्ती मत्स्यव्यवसाय खात्याकडे, फळपीक विमा कृषी खात्याकडे. गोव्याची दारू राज्य उत्पादन शुल्काकडे, तिच्यात तुम्ही पडू नका. पद्धत मात्र सगळीकडे एकच. कागद काय म्हणतो ते बाजूला लिहायचं आणि वजन, अंतर, ऋतू काय म्हणतात ते त्याच्यासमोर मांडायचं. झडतीच्या दिवशी प्रकरण उभं राहतं असं नव्याने आलेल्यांना वाटतं. ते त्याआधी महिनाभर टेबलावर उभं राहिलेलं असतं. झडतीच्या दिवशी ते फक्त बिघडू शकतं.

काजूचंच घ्या. शेतकऱ्याकडून नोंदणीकृत कारखानदार काजू बी घेतो तेव्हा ५ टक्के कर शेतकऱ्याने नाही, कारखानदाराने भरायचा असतो, रिव्हर्स चार्जने. त्यासाठी त्याने स्वतःच्या नावे बीजक करायचं असतं. भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून तेवढी वजावट, त्याला मिळते. मग लपवायचं कशाला? खरेदी कागदावर आली की तेवढा गर विकलाही पाहिजे, म्हणून. खरेदी दडवली की विक्री आपोआप दडते.

ते पकडायचं वजनावरून. वाळलेल्या १०० किलो बीतून साधारण २५ किलो गर निघतो. जातीवर आणि दाण्यावर ते कमीजास्त होतं, म्हणून २२ ते ३० ची पट्टी धरा. टरफल ७० किलोच्या आसपास. कारखान्याने वर्षाला १० टन बी दाखवली आणि ४ टन गर विकला, तर ३० टक्क्यांनी धरलं तरी निदान तीन-साडेतीन टन बी कुठल्याच वहीत नाही. उलट दीड टनच गर दाखवला, तर सातशे किलो ते टनभर माल रोखीत गेला असण्याची शक्यता आहे. आता टरफल विक्री बघा. ते तेल काढणाऱ्याकडे जातं, आणि त्याच्या वहीत या कारखान्याचं नाव असतं. गर लपवणारा माणूस टरफल लपवायचं बहुधा विसरतो. जोडीला वीजबिल आणि सोलणाऱ्या बायकांची हजेरी.

इथे एक चूक वारंवार होते. ओल धरायची राहते. ताज्या बीत १५ टक्के ओल असेल आणि ती वाळून ८ वर आली, तर १०० किलोचे ९२ किलोच उरतात. मार्च ते मे ओली खरेदी, जुलैत गोदामाची मोजणी, आणि ८ टक्के माल 'गायब' म्हणून नोटीस. अशी नोटीस अपिलात टिकत नाही, आणि प्रामाणिक माणूस वर्षभर खेटे घालतो. मोजणी करताना पोती उघडून ओलमापक लावा आणि आकडा पंचनाम्यात लिहा. तसंच ऑगस्टमध्ये बीची खरेदी दिसली म्हणून लगेच संशय नको. त्या वेळी आफ्रिकेतून आयात झालेली बी मंगळूर, तुतिकोरिनवरून येते. आधी बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्क कागद, मागा.

बोगस बिलांचा प्रकार वेगळा. माल हलत नाही, फक्त क्रेडिट हलतं. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), ३-बी (भरलेल्या कराचा गोषवारा) आणि समोरच्याचं २-बी (त्याला मिळणाऱ्या क्रेडिटचा तक्ता) शेजारी ठेवा. मग ई-वे बिलाचा, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन पासाचा, भाग 'ब' उघडून गाडीचा नंबर 'वाहन' या गाड्यांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत तपासा. ९ टन मालाला तीनचाकीचा नंबर निघाला, तर पुढचं बोलणं सोपं होतं. ई-वे बिलाची एक दिवसाची मुदत २०० किलोमीटरला असते. तेवढ्यात एकच ट्रक सकाळी कुडाळात, दुपारी कोल्हापुरात आणि संध्याकाळी पुन्हा कुडाळात भरलेला दिसला, तर करूळ किंवा फोंडा घाट दोनदा चढायला-उतरायला, माल भरायला-उतरवायला किती तास लागतात ते लिहून काढा. धंद्याचं मुख्य ठिकाण म्हणून नोंदवलेली जागा जाऊन पाहा आणि आरईजी-३० या नमुन्यातला अहवाल फोटोंसह १५ कामकाजाच्या दिवसांत चढवा. घरमालकाला भाडेकरार दाखवा. सही त्याची नाही हे कित्येकदा तिथेच कळतं. जांभा चिरा आणि खडीच्या धंद्यात महाखनिज या गौण खनिजांच्या सरकारी पोर्टलवरचे वाहतूक पास आणि बीजकं जुळवली की अर्धं काम होतं.

कुठे वेळ घालवायचा नाही तेही सांगतो. बागायतदाराच्या खात्यात मे महिन्यात लाखोंची जमा दिसेल. ताजा हापूस करमुक्त आहे, आणि स्वतःच्या शेतमालापुरती शेतकऱ्याला नोंदणीही लागत नाही. ताज्या मासळीलाही कर नाही. मालवणातल्या निवासाची सोय करणाऱ्या माणसाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या खाली असेल आणि तो खोल्या ॲपवरून देत असेल, तर त्या खोल्यांचा कर ॲपवाल्याने भरायचा असतो. मात्र एकाच अंगणातल्या आठ खोल्या नवरा, बायको आणि भाऊ अशा तीन नावांवर वाटलेल्या असतील, तर बँक खाती आणि बुकिंगचा फोन कोणाचा ते बघा.

आता झडती. निरीक्षकाला ती स्वतःहून घेता येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ६७ खाली सहआयुक्त किंवा वरच्या अधिकाऱ्याचा आयएनएस-०१ या नमुन्यातला लेखी अधिकार लागतो, आणि त्यामागची कारणं फाइलवर आधी नोंदलेली असावी लागतात. आत शिरताना तो आदेश दाखवा, त्यावर सही घ्या, स्वतःच्या पथकाची झडती देऊ करा, निघतानाही देऊ करा. पंच दोन, स्थानिक, स्वतंत्र. दुकानातला कामगार किंवा आपला ड्रायव्हर पंच नको. छोट्या गावात सगळेच एकमेकांचे भाऊबंद असतात, म्हणून शेजारच्या वाडीतला माणूस बघा आणि नातं नाही हे लिहून घ्या. घरात बायका असतील तर महिला अधिकारी सोबत हवीच. पंचनाम्यात सुरू आणि संपल्याची वेळ, प्रत्येक पानावर सह्या, खाडाखोड झाली तर तिथेही सही.

मोबाईल किंवा संगणकातला डेटा घेताना हॅश व्हॅल्यू (डेटा नंतर बदलला नाही हे दाखवणारा त्याचा सांकेतिक ठसा) तिथेच काढा आणि पंचनाम्यात उतरवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ती लागते. नंतर ऑफिसात बसून काढलेल्या हॅशवर बचावाचा वकील पहिलं बोट ठेवतो.

आणि जागेवर वसुली नको. 'आत्ताच डीआरसी-०३ (आपणहून कर भरण्याचा नमुना) भरा, म्हणजे मिटवू' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. २५ मे २०२२ ला केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने याबद्दल स्पष्ट सूचना काढली आहे. व्यापाऱ्याला आपणहून भरायचं असेल तर भरू दे, तुम्ही जोर करायचा नाही. जबाब दिवसाउजेडी घ्या. रात्री दोनचा जबाब दुसऱ्या दिवशी मागे घेतला जातो. माल जप्त केला तर सहा महिन्यांत नोटीस गेली पाहिजे. मुदत आणखी सहा महिने वाढते, पण सबळ कारण दाखवून.

तुमच्या भावाच्या कामात हीच नजर माणसांवर लावायची असते, म्हणून जास्त जपून. डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराच्या प्रतिपूर्तीत नौकेचा कोटा, संस्थेच्या पंपाची विक्री, समुद्रात जातानाची टोकनं आणि बर्फाची खरेदी एकत्र मांडली जाते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, नौका किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. त्या काळातली डिझेलची उचल किंवा टोकनाशिवायच्या फेऱ्या लगेच दिसतात. फळपीक विम्यात सातबारा, ई-पीक पाहणी आणि जागेवरची झाडं बघायची. १० बाय १० मीटरवर लावलेल्या आंब्याची हेक्टरी १०० कलमं बसतात. वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या, जमिनीवर दोन हेक्टर बाग दाखवली आणि तिथे तीस कलमं दिसली, तर अहवालात संख्या लिहा, विशेषणं नकोत. खंडाने दिलेल्या बागेचा विमा मालकानेही काढला आणि करारदारानेही, हे नेहमी तपासा. सामाईक सातबाऱ्यावर इतर खातेदारांची संमतीपत्रं आहेत का, तेही.

संजय गांधी निराधार, श्रावणबाळ किंवा लाडकी बहीण यांच्या याद्या एकेका नावाने वाचू नका. मोबाईल नंबर, बँक खातं आणि अर्ज भरणाऱ्या केंद्राचा लॉगिन यांवर गट पाडा. एकाच मोबाईलवर चाळीस अर्ज असतील तर दोषी बहुधा त्या चाळीस बाया नसतात. थेट लाभाचे पैसे आधार शेवटचं जिथे जोडलं त्या खात्यात जातात. कित्येकींना आपलं असं खातं आहे हेच माहीत नसतं, कार्ड एजंटाकडे असतं. मृत लाभार्थी ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीवरून काढा, शेजाऱ्याच्या बोलण्यावरून नको.

घर बंद दिसलं म्हणून 'लाभार्थी अस्तित्वात नाही' असा शेरा तर कधीच मारू नये. म्हातारी चार महिने मुंबईला लेकाकडे असते आणि गणपतीला घर उघडतं. पहिल्या भेटीला बंद असेल तर चिठ्ठी लावा, पोलीस पाटलांकडे निरोप ठेवा, गणपतीत किंवा शिमग्याला पुन्हा जा. दीड हजार रुपये बंद झाले की तिची औषधं बंद होतात, आणि ते पुन्हा सुरू करायला तिला तालुक्याच्या गावी किती फेऱ्या माराव्या लागतात हे फाइलवर कुठेच दिसत नाही.

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एखाद्या काजू कारखान्यात परवानगीने दिवसभर बसा. बी उकडण्यापासून गराच्या प्रतवारीपर्यंत सगळं बघा, डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० या अख्ख्या गराच्या प्रती हातात घेऊन ओळखायला शिका. महागड्या प्रतीचा गर तुकड्याच्या भावाने विकल्याचं बीजक समोर येईल तेव्हा हे लागतं. आणि नेमणूक माहेरच्या किंवा सासरच्या तालुक्यात आली, तर ओळखीच्या व्यापाऱ्यांची नावं पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना लेखी कळवा. त्या फाइली दुसऱ्याकडे जाऊ देत.