हीलिंग स्टाफला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: एका फँटसी गेमच्या मराठीकरणात 'हीलिंग स्टाफ'साठी, म्हणजे इतरांना बरं करणाऱ्या पात्राच्या (हीलरच्या) हातातल्या जादूच्या काठीसाठी, यंत्राने 'उपचार कर्मचारी' सुचवलं. इंग्रजीत 'स्टाफ' म्हणजे काठीही आणि कर्मचारीही. म्हणजे हीलरच्या हातात कर्मचारी! त्याऐवजी 'आरोग्यदंड' चालेल का?

कर्मचाऱ्यापेक्षा बरा, पण मला तोही खटकतो. 'दंड' म्हटलं की आधी आठवतो तो भरावा लागणारा, मग थोपटायचा. राजदंडात तो शोभतो, कारण तिथे सत्ता आणि शासन आहेच. 'छडी'ला माराचा वास येतो, 'कांडी' बोटभर आणि 'सोटा' तर डोक्यात घालायचा. 'कुबडी' संन्याशाच्या हातात असते खरी, पण ऐकणाऱ्याला आधी मोडलेला पायच दिसतो.

राहिली साधी 'काठी'. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणताना ती मारणारी आहे, हे कबूल. पण म्हातारपणाची काठी, आंधळ्याची काठी म्हणतो तेव्हा ती आधार असते. हीलरच्या हातात तीच हवी.

आता 'हीलिंग'. इथे एकच शब्द शोधू नये असं माझं मत. मराठीत माणूस बरा होतो, जखम भरून येते, हाड सांधतं, विष उतरतं. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. गेममध्येही या शक्ती बहुधा वेगळ्याच असतात, मग नावं एका साच्यातली कशाला? आणि सरसकट 'संजीवनी' तर नकोच. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या मेलेल्याला उठवणारी होती. थोडं रक्त वाढवणाऱ्या काठीला ते नाव दिलंत, तर पुढे खेळाडूला खरोखर जिवंत करणारी काठी आली की काय म्हणणार?

वाल्मीकि रामायणाच्या युद्धकांडात हनुमान ज्यांच्यासाठी पर्वत उचलून आणतो, त्या औषधी चार आहेत. मृतसंजीवनी मेलेल्याला उठवते, विशल्यकरणी शरीरात रुतलेलं शल्य काढून जखम बरी करते, संधानकरणी तुटलेलं सांधते आणि सावर्ण्यकरणी कातडीचा मूळ रंग परत आणते. (शल्यचिकित्सेतलं 'शल्य' ते हेच: बाणाचं टोक, काटा.) चार काठ्यांची नावं आयती तयार आहेत, आणि सगळी स्त्रीलिंगी असल्यामुळे 'काठी'शी जुळतातही. विष उतरवणारीला 'विषहरा' म्हणा.

चित्रकाराला एक निरोप: काठीला साप गुंडाळायचा असेल तर एकच. ग्रीकांचा वैद्यदेव अस्क्लेपियसच्या काठीवर एकच साप आहे. दोन साप आणि पंखवाली काठी देवांचा दूत हर्मीसची. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलाने 1902 मध्ये हीच दुसरी उचलली आणि तेव्हापासून घोळ वाढला.

रोजच्या जखमांसाठी माझी पसंती 'विशल्या काठी'ला. विशल्यकरणीचं हे सुटसुटीत रूप जुनंच आहे, मी घडवलेलं नाही. शिवाय वस्तूंच्या यादीतल्या एवढ्याशा चौकटीत 'विशल्या' आरामात मावतं, 'आरोग्यप्रदायिनी यष्टिका' मावत नाही.