इंग्लिशमधलं सायन्स आणि टर्किशमधलं बिलिम, दोन्हीचा अर्थ एकच का?

मूळ अर्थ एकच, 'जाणणं', पण वापर वेगळा. सायन्स आलं लॅटिन स्किएंतियावरून, स्किरे म्हणजे जाणणं, आणि बिलिम आलं बिलमेक म्हणजे माहीत असणं यावरून, आपलं विज्ञान पण 'ज्ञा' धातूचंच की. बिलिम तसा नवा शब्द, १९३० च्या दशकात भाषासुधारणा चालली होती तेव्हा अरबी इलिम (आपल्याकडचं इल्म) काढून तो आणला. फरक असा की इंग्लिशमध्ये नुसतं सायन्स म्हटलं की फिजिक्स-केमिस्ट्रीच डोळ्यासमोर येतं, बिलिममध्ये इतिहास, समाजशास्त्र सगळं सहज बसतं, म्हणजे आपल्या 'शास्त्र'सारखं, आणि शाळेतल्या सायन्सला तिकडे फेन म्हणतात. फक्त इलिम पूर्ण गेला असं समजू नका, धार्मिक विद्येसाठी तो अजून चालतो.